नाव, नांव आणि निबंध

१८५७ च्या मोल्सवर्थ कोशात ‘नांव’ आणि ‘नाव’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ नाम, दुसऱ्याचा होडी. दोहोंत फरक एका टिंबाचा. आजच्या प्रमाण लेखनात हे टिंब उरलेले नाही आणि त्यामुळे दोन्ही शब्द एकाच रूपात लिहिले जातात. सातपाटीच्या खाडीपलीकडे मुरबे हे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने निबंधासाठी भ्रमणध्वनीवर हा जुना कोश उघडला आणि त्यातील ‘नांव’ जसेच्या तसे उतरवले, तर परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढील. कोश चुकलेला नाही, विद्यार्थीही आळशी नाही. या दोघांमध्ये शतकाहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे आणि पडद्यावर तो दिसत नाही.

महाविद्यालयीन निबंध सुधारण्यासाठी मराठीत आज जी साधने महाजालावर फुकट मिळतात, त्यांतील बहुतेक मूळची कागदावरची आहेत. प्रत्येकाचे वय वेगळे, हेतू वेगळा. ते ठाऊक नसले की साधन मदत करण्याऐवजी अडचणीत टाकते.

मोल्सवर्थचा कोश प्रथम १८३१ मध्ये निघाला. कंपनी सरकारच्या इंग्रज अधिकाऱ्यांना येथील माणसांचे बोलणे कळावे, ही त्यामागची गरज होती. मराठी विद्यार्थ्याचे लेखन सुधारावे असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. परक्याला कळावे म्हणून केलेले काम असल्याने त्यात गावठी, प्रांतिक, शिवराळ असे पुष्कळ काही निःसंकोच आले. हीच त्या कोशाची श्रीमंती. थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला आणि दहा वर्षांनी मोल्सवर्थची वाढवलेली दुसरी आवृत्ती.

त्याच १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परंतु मराठीला तेथे मान मिळाला नाही. वरच्या परीक्षांतून देशी भाषांना लवकरच बाहेरची वाट दाखवण्यात आली आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर १९०१ मध्ये मराठीला एम. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले. म्हणजे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षेत मराठी लिहिण्याची परंपरा वाटते तितकी जुनी नाही. मधल्या काळात पदवीधर तरुण निबंध लिहायला शिकला तो इंग्रजीत.

अशाच तरुणांसमोर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ ठेवली. सुमारे सात वर्षे हे मासिक चालले. मराठीत विचार बांधून लिहिता येतो, हे त्यांनी स्वतः लिहून दाखवले. मालेतील आरंभीचा विषयच मराठी भाषेच्या स्थितीचा. पुढे ‘लेखनशुद्धि’ आणि ‘भाषापद्धति’ यांवरही निबंध आले. आजच्या नियमांनी पाहिले तर या दोन्ही शीर्षकांतला शेवटचा इकार दीर्घ हवा. लेखनशुद्धीवरील निबंधाच्या शीर्षकातच आजचा शुद्धलेखन तपासनीस चूक काढील, ही गंमत शास्त्रीबुवांना कितपत रुचली असती कोण जाणे.

पण शुद्धलेखनाचा इतिहास इतका निरुपद्रवी नाही. याच मालेत जोतीराव फुले यांच्या लेखनावर टीका झाली, तेव्हा मुद्द्यांच्या जोडीला त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टरही उडवण्यात आली. फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे. त्यातील भाषा बोलण्याला जवळची, तिखट, घाव घालणारी. काय म्हटले आहे याला उत्तर देणे अवघड असले की कसे म्हटले आहे यावर बोट ठेवता येते. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण रानड्यांकडून आले, तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांचे जगणे त्या ग्रंथांत येत नाही त्यांना या मेळ्याचा काय उपयोग, असा त्या पत्राचा रोख होता. शुद्ध भाषा हे प्रवेशद्वारही होते आणि कुंपणही. मुरब्याच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घरात एक बोली, वर्गात दुसरी, उत्तरपत्रिकेत तिसरी, असा त्याचा रोजचा व्यवहार असतो.

नियम मात्र लागतातच. सगळ्यांनी एकसारखे लिहावे म्हणून मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीसाठी जपलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. ‘नांव’, ‘पांच’, ‘केव्हां’ यांची टिंबे गेली. एका दृष्टीने हा मोठा लोकशाही निर्णय होता: संस्कृत व्युत्पत्ती ठाऊक नसलेल्या मुलालाही आता बरोबर लिहिता येणार होते. त्याची किंमत एवढीच, की १९६२ पूर्वीचे सारे छापील मराठी एका फटक्यात ‘अशुद्ध’ झाले.

संगणकावर शोधताना ही किंमत पुन्हा मोजावी लागते. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश महाजालावर ठेवले आहेत. त्यांत मोल्सवर्थ आहे, तसा दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९५० या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. तेथे ‘पाच’ शोधले तर पाचूचा खडा हाती लागतो. संख्या हवी असेल तर ‘पांच’ टंकावे लागते. शब्द सापडला नाही म्हणजे तो मराठीत नाही, असा समज करून घेणारे थोडे नसतात. अर्थ आणि वापर जुन्या कोशातून घ्यावा, लेखन मात्र आजच्या नियमांनी करावे, इतके साधे पथ्य आहे. त्यासाठी अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ किंवा मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण जवळ असले की काम भागते.

हे सारे पडद्यावर येण्याआधी आणखी एक अडथळा होता. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी दिसत असे, पण ते संगणकाला कळत नसे. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. डोळ्यांना ‘क’, यंत्राच्या लेखी इंग्रजीतले एखादे चिन्ह. असा मजकूर शोधता येत नसे आणि दुसऱ्या टंकात उघडला की त्याचा चिवडा होई. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. घरोघरच्या संगणकांपर्यंत ते पोहोचायला मात्र आणखी दशकभर लागले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ची. ‘मनोगत’ या संकेतस्थळाने शुद्धिचिकित्सकाची सोय दिली, तेव्हा मराठी मजकूर यंत्राकडून तपासून मिळतो याचेच अनेकांना अप्रूप वाटले होते.

माहितीसाठी विश्वकोश हे अधिक भरवशाचे ठिकाण. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला उभे राहिलेले हे काम. पहिला खंड १९७६ चा. आता तो महाजालावर खुला आहे. त्याच्या नोंदींखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ असतात, हे विद्यार्थ्याच्या फार उपयोगाचे. पण लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे त्या त्या खंडाच्या काळातले आहेत. पालघर जिल्हा त्यात शोधू नये. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जुन्या नोंदींत हा सगळा किनारा ठाणे जिल्ह्याचा आहे.

उतरवून काढण्याविषयीही थोडे सांगायला हवे. ‘निबंध’ या शब्दाचा मूळ अर्थ बांधणे. कमलाकरभट्टांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ हा धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ. अनेक जुन्या ग्रंथांतील वचने एकत्र बांधून त्यांतून निर्णय काढायचा, ही त्याची रीत. चार संकेतस्थळांवरचे परिच्छेद एकत्र जोडणारा विद्यार्थी नकळत त्याच परंपरेत बसतो, एका फरकाने. जुने निबंधकार कोणते वचन कोणत्या ग्रंथातले ते सांगत आणि मग त्यावर आपले मत देत. हा सांगण्याचा भाग गळला की उरते ती केवळ उचलेगिरी.

यंत्राकडून आयता निबंध लिहून घेण्यातली अडचण निराळी. यंत्राचे मराठी गुळगुळीत असते, ऱ्हस्व-दीर्घही बहुधा बिनचूक. मात्र किनाऱ्यावर ‘उधाण’ आणि ‘भांग’ ही भरतीची नावे आहेत: अमावास्या-पौर्णिमेचे चढे पाणी ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचे मंद पाणी ती भांग. मासेमारीचे वेळापत्रक या दोन शब्दांवर चालते. यंत्राने ‘भांग’ म्हणजे नशेचे पेय किंवा केसांतली रेघ समजून वाक्य ‘सुधारले’, तर नवल नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात ठाणे किनाऱ्याच्या कोळी, वाडवळ, सामवेदी अशा बोलींचे नमुने आहेत. तोही आज महाजालावर वाचता येतो. डोल, खुंट, बोंबील यांविषयी लिहिणाऱ्याला तेथे व दाते-कर्व्यांच्या कोशातील प्रांतिक खुणांमध्ये जो आधार मिळतो, तो शुद्धिचिकित्सकाकडे नाही. असा शब्द काढून न टाकता पहिल्यांदा वापरताना अर्ध्या वाक्यात समजावून द्यावा. परीक्षकाला तो खटकत नाही, उलट लिहिणाऱ्याला विषय ठाऊक आहे हे दिसते.

पालघरचे महाविद्यालय सोनोपंत दांडेकरांच्या नावाने चालते. ‘ज्ञानेश्वरी’चा पाठ सिद्ध करून तिची प्रत छापणारे हे गृहस्थ याच परिसरातील केळवे-माहीमचे. हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहणे हे त्यांचे काम. आजचा विद्यार्थी दोन कोशांतील एकच शब्द शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा लहान प्रमाणावर तो तेच करत असतो.

फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भाषेची टर उडवली गेली, ती शासनाच्या खर्चाने छापली गेली आणि आज कोणालाही उतरवून घेता येते. ‘निबंधमाला’ही त्याच पडद्यावर सापडते. १८७३ ची ‘गुलामगिरी’ आधी आणि नंतर सुरू झालेली ‘निबंधमाला’ मागाहून, अशा क्रमाने ती वाचता येतात.