रेघ नेमकी कुठे अडते?

साधनांच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं असेल, तर एक सवय आत्ताच सोडा: शोध कुणी लावला, कधी लावला, एवढं लिहून प्रकरण संपवायची. मी पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं. विषय होता, अपंग मुलामुलींची संगणकावरची चित्रकला. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, 'यात चित्र कुठे आहे?'

बघा, १९८४ साली मॅकिंटॉशबरोबर बिल अ‍ॅटकिन्सन यांचं मॅकपेंट आलं. माऊसचं बटण दाबून धरायचं, हात सरकवायचा, बटण सोडायचं, रेघ तयार. आजही बहुतेक प्रोग्रॅममध्ये रेघ अशीच काढतात. पण सेरेब्रल पाल्सीमुळे एखाद्या मुलीला दाबून धरणं आणि सरकवणं एकाच वेळी जमत नसेल तर?

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजमध्ये जेम्स गिप्स आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात 'ईगलआईज' तयार केलं. डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावायचे. नजर फिरली की कर्सर फिरतो. पुढे गिप्स आणि मार्ग्रिट बेटके यांचा 'कॅमेरा माऊस' आला. त्यात अंगाला काहीच चिकटवावं लागत नाही. कॅमेरा नाकाच्या टोकाचा माग घेतो आणि कर्सर एका जागी क्षणभर थांबला की क्लिक होतं. २००७ पासून तो मोफत मिळतो.

माझा मसुदा इथेच संपला होता. अडचण सुटली! खरंच सुटली का? थांबल्यावर क्लिक होतं, म्हणजे रंग निवडता येतो. रेघेला मात्र बटण दाबून धरावं लागतं. रंग हाताशी, कागद कोराच.

उत्तर मला दुसरीकडे सापडलं. बिल केंड्रिक यांनी २००२ साली मुलांसाठी सुरू केलेला 'टक्स पेंट' हा मोफत प्रोग्रॅम. त्याच्या सेटिंगमध्ये एक पर्याय आहे: एकदा क्लिक केलं की रेघ सुरू, पुन्हा क्लिक केलं की बंद. मधे काही धरून ठेवायचं नाही. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. प्रोग्रॅमने एक जुना हट्ट सोडला, इतकंच.

म्हणून शोधनिबंध आणि पेटंट वाचाच, पण मॅन्युअलची कंटाळवाणी पानंही चाळा. शोधाच्या गोष्टीत दोष मुलीच्या हातात दिसतो. सेटिंगच्या पानावर कळतं की अडचण प्रोग्रॅमच्या अपेक्षेतही होती. तुम्ही अभ्यासत असलेल्या साधनात असं 'दाबून धरा' कुठे लपलंय? शोधप्रश्न लिहायच्या आधी तेवढं तपासा. माझं एक अख्खं प्रकरण त्यापायी पुन्हा लिहावं लागलं.