ऊस वाहतूक : ट्रॅक्टरच्या वजनानुसार ट्रॉलीचा भार कसा ठरवावा?

सातारा व सांगली जिल्ह्यांत गळीत हंगाम सुरू झाला की कऱ्हाड, वाळवा, पलूस, कडेगाव भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावू लागतात. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. त्यामुळे एका खेपेत जास्तीत जास्त ऊस नेण्याकडे कल असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडणे तर नेहमीचेच झाले आहे. मात्र "ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे, ओढेल की" एवढ्यावर भार ठरवणे धोक्याचे आहे. एचपीवरून ट्रॅक्टर भार किती वेगाने ओढेल हे कळते. तो चढ चढेल का आणि उतारावर थांबेल का, हे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरील वजन, रस्ता आणि ब्रेक यांवर ठरते. आपल्या ट्रॅक्टरला किती भार झेपेल याचा हिशेब वजनकाट्याच्या पावतीवरून घरच्या घरी मांडता येतो.

आधी तीन वजने माहीत करून घ्या

१) ट्रॉलीचे रिकामे व भरलेले वजन : कारखान्याच्या काट्यावर गाडी आत जाताना भरलेली आणि गव्हाणीवर ऊस उतरवल्यानंतर रिकामी मोजली जाते. या दोन्ही वजनांत ट्रॅक्टर धरलेला असेल, तर त्याचे वजन वजा करावे. या उदाहरणात ट्रॉलीचे रिकामे वजन २ टन धरले आहे. आपल्या ट्रॉलीचे वजन पावतीवरून घ्यावे, अंदाजाने धरू नये.

२) ट्रॅक्टरचे वजन : हंगामापूर्वी एकदा ट्रॅक्टर एकटा काट्यावर न्यावा. ४५ ते ५० एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास भरते.

३) मागच्या चाकांवरील वजन : त्याच वेळी फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. दोन चाकी ओढ असलेल्या ट्रॅक्टरमध्ये एकूण वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के वजन मागे असते. ओढ आणि ब्रेक या दोन्हींसाठी हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

एक टन ओढायला किती जोर लागतो?

गाडी ओढताना जमिनीचा अडथळा आणि चढ या दोन गोष्टींवर मात करावी लागते. प्रत्येक टनामागे लागणारा जोर साधारण असा धरावा :

- सपाट डांबरी रस्ता : २५ किलो
- घट्ट कच्चा रस्ता किंवा पाणंद : ५० किलो
- मऊ रान, तोडणी झालेला फड : १२० किलो. ओल्या काळ्या रानात यापेक्षा बराच जास्त.
- चढ : प्रत्येक एक टक्का चढाला वरील आकड्यात १० किलो मिळवावेत.

चढ किती टक्के आहे हे पाहण्यासाठी रस्त्यावर १० मीटर अंतर मोजावे आणि पाण्याच्या नळीने पातळी घ्यावी. दहा मीटरला ३० सेंटिमीटर उंची वाढली तर चढ ३ टक्के, ५० सेंटिमीटर वाढली तर ५ टक्के. पूर्ण रस्ता मोजायची गरज नाही. फडापासून कारखान्यापर्यंतचा सर्वांत अवघड चढ आणि सर्वांत अवघड उतार मोजले की पुरे.

ट्रॅक्टरकडे किती जोर आहे?

इंजिनमध्ये ताकद असली तरी चाकाची पकड सुटली की ती वाया जाते. पकड मागच्या चाकांवरील वजनाच्या प्रमाणात मिळते : कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे ७० टक्के, ओल्या किंवा चिखल सांडलेल्या डांबरावर ४५ टक्के, मऊ रानात ४० टक्के.

उदाहरणार्थ, चालकासह २,२०० किलो वजनाच्या ५० एचपी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर १,४३० किलो वजन आहे. त्याची ओढ कोरड्या डांबरावर सुमारे १,००० किलो, ओल्या डांबरावर ६४० किलो आणि मऊ रानात ५७० किलो मिळेल. चढावर पुढच्या चाकांचा काही भार मागे सरकतो आणि ओढ थोडी वाढते. पण तो भार स्टेअरिंगच्या चाकांवरून कमी झालेला असतो, त्यामुळे तो हिशेबात धरू नये.

आता लागणारा जोर पाहू. प्रत्येक ट्रॉली रिकामी २ टन आणि तीत ८ टन ऊस, असे धरले आहे.

| रस्ता | एक ट्रॉली (ट्रॅक्टरसह १२.२ टन) | दोन ट्रॉल्या (ट्रॅक्टरसह २२.२ टन) |
|---|---|---|
| सपाट डांबरी | ३०५ किलो | ५५५ किलो |
| डांबरी, ३ टक्के चढ | ६७१ किलो | १,२२१ किलो |
| डांबरी, ५ टक्के चढ | ९१५ किलो | १,६६५ किलो |
| मऊ रान | १,४६४ किलो | २,६६४ किलो |

सपाट डांबरी रस्त्यावर दोन ट्रॉल्या सहज निघतात. चालकाला खात्री वाटते ती इथूनच. पण तीन टक्के चढावर हाच ट्रॅक्टर कोरड्या रस्त्यावरही कमी पडतो. एक ट्रॉली पाच टक्के चढ कोरड्या रस्त्यावर जेमतेम चढते, ओल्या रस्त्यावर चढत नाही. मऊ रानात तर एक भरलेली ट्रॉलीही या ट्रॅक्टरला ओढत नाही. म्हणूनच फडातून गाडी काढताना दुसरा ट्रॅक्टर पुढे लावावा लागतो. तो न लावता रानात अर्धवट भरून उरलेला ऊस रस्त्याकडेला भरणे, किंवा मोळ्या बांधापर्यंत आणणे अधिक सुरक्षित आहे. यामुळे खोडव्याच्या सऱ्याही कमी दबतात.

उताराचा हिशेब अधिक महत्त्वाचा

चढावर भार जास्त झाला तर ट्रॅक्टर थांबतो, चाके जागेवर फिरतात. उतारावर मात्र चूक सुधारायला वेळ मिळत नाही. टेंभू व ताकारी उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचल्यानंतर खानापूर घाटमाथा आणि कडेगाव परिसरातही उसाची लागवड होऊ लागली. अशा उंचावरच्या भागांतून खोऱ्यातल्या कारखान्याकडे येणारी भरलेली खेप उतारानेच येते. म्हणजे सर्वांत जास्त वजन आणि सर्वांत अवघड उतार एकाच वेळी येतात.

बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रॉलीला चालू स्थितीतले ब्रेक नसतील तर सगळा भार थांबवण्याचे काम त्या दोनच चाकांवर येते. वरच्याच ट्रॅक्टरने ५ टक्के उतारावर ताशी २० किलोमीटर वेगात ब्रेक लावल्यास थांबण्याचे अंतर साधारण असे येते (चालकाने ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरून) :

- एक ट्रॉली, कोरडा रस्ता : ३३ मीटर
- एक ट्रॉली, ओला रस्ता : ६३ मीटर
- दोन ट्रॉल्या, कोरडा रस्ता : ८४ मीटर
- दोन ट्रॉल्या, ओला रस्ता : ४०० मीटरपेक्षा जास्त, म्हणजे गाडी थांबतच नाही असे समजावे

हे आकडे ब्रेक उत्तम असताना आणि गाडी सरळ रेषेत असताना मिळतात. प्रत्यक्षात ब्रेक लावला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. वळणावर हा धक्का तिरका बसतो आणि ट्रॅक्टर आडवा होऊन उलटतो. तोडणी सुरू असताना फडातला चिखल चाकांबरोबर डांबरावर येतो. हंगामाच्या सुरुवातीला परतीचा पाऊसही असतो. त्यामुळे रस्ता ओला आहे असे धरूनच भार ठरवावा.

भार ठरवण्याची सोपी रीत

१) ओल्या रस्त्यावरील ओढ = मागच्या चाकांवरील वजन × ०.४५
२) टनामागे लागणारा जोर = २५ + (सर्वांत अवघड चढ किंवा उताराची टक्केवारी × १०)
३) पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली व ऊस मिळून टनांतील एकूण वजन.
४) त्यातून ट्रॅक्टरचे आणि रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा केले की उसाचे वजन मिळते.

वरील ट्रॅक्टर व एका ट्रॉलीसाठी ३ टक्के चढाला सुमारे ७.४ टन, ४ टक्क्यांना ५.६ टन आणि ५ टक्क्यांना ४.३ टन ऊस येतो. रस्त्याला जास्त वाट कच्ची असेल तर २५ ऐवजी ५० धरावेत.

हे उत्तर अंतिम नाही. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकातील एकूण वजन, ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तिकेतील ओढण्याची मर्यादा आणि ट्रॉलीच्या टायरची क्षमता हेही पाहावे. या सर्वांत जो आकडा सर्वांत लहान, तोच आपला भार. हिशेबात दुसरी ट्रॉली बसत नसेल तर ती जोडू नये.

फडात काटा नसतो. म्हणून पहिल्या दोन-तीन खेपांच्या पावत्या पाहून, ठरलेले वजन किती उंचीपर्यंत भरल्यावर येते, त्या उंचीवर ट्रॉलीच्या खांबाला रंगाची खूण करावी. उसाची जात, जाडी आणि पाचटाचे प्रमाण बदलले की त्याच उंचीला वजन बदलते. त्यामुळे को ८६०३२ च्या फडातून फुले २६५ च्या फडात गेल्यावर खूण पुन्हा तपासावी. टोळीच्या मुकादमालाही खुणेपर्यंतच भरायला सांगावे.

ओढ आणि ब्रेक वाढवण्याचे उपाय

- मागच्या टायरमध्ये पाणी : व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरल्यास टायर साधारण ७५ टक्के भरतो. टायरच्या आकारानुसार प्रत्येक चाकात दीडशे ते दोनशे किलो वजन वाढते. वरील ट्रॅक्टरची कोरड्या रस्त्यावरील ओढ त्यामुळे १,००० वरून सुमारे १,२०० किलोच्या पुढे जाते.
- पुढे वजने : भार ओढताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के वजन राहिले पाहिजे. पुढची चाके हलकी झाली तर स्टेअरिंग काम करत नाही. पुढे बंपरवर कंपनीची वजने लावावीत, तिथे माणूस बसवू नये.
- ट्रॉलीचे ब्रेक : ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर लागणारे हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक ट्रॉलीला बसवून घ्यावेत. थांबण्याच्या अंतरात सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.
- दोन चाकी ट्रॉली : हिच्यात मालाचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. ऊस मागच्या बाजूला जास्त भरला तर हुक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड कमी होते. भार समान भरावा, थोडा पुढे झुकलेला चालेल.

जोडणी आणि चालवणे

- ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या आसापेक्षा उंचावर जोडल्यास चढावर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालकावर उलटतो.
- पिनला लॉक आणि सोबत सुरक्षा साखळी असावी. झिजलेली पिन हंगामापूर्वी बदलावी.
- रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक करावीत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.
- उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. उतारावर क्लच दाबू नये, गाडी न्यूट्रल करू नये.
- प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि बाजूने चमकणारी पट्टी असावी. उसाची टोके दिवे झाकणार नाहीत असे भरावे. रात्री बंद पडलेली गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी.
- भरलेल्या ट्रॉलीवर किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडावर तोडणी मजूर, बायका-मुले बसवू नयेत.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते. नोंदणीतील वजनापेक्षा जास्त भार नेल्यास कलम १९४ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार रुपये अशी दंडाची तरतूद आहे. कारखान्याच्या पावतीवर भरलेले वजन छापलेलेच असते. अपघात झाल्यास तीच पावती जादा भाराचा पुरावा ठरू शकते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी

विस्तार कार्यकर्त्यांनी व शेती विभागाच्या कर्मचाऱ्यांनी गटातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र बोलावून एकाच दिवशी काट्यावर ट्रॅक्टरचे एकूण व मागच्या चाकांचे वजन घ्यावे. मार्गातील अवघड चढ-उतार मोजून प्रत्येकाला त्याच्या ट्रॅक्टरचा भार कागदावर लिहून द्यावा. तो कागद चालकाकडे राहू द्यावा, कारण फडात गाडी भरून निघताना निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.