१२३४५६५४३२१ : महावीराचार्यांची विलोम संख्या

१२३४५६५४३२१, म्हणजेच १२ अब्ज ३४ कोटी ५६ लाख ५४ हजार ३२१, ही अकरा अंकी संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच राहते. इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्य या जैन गणितज्ञाने रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात ती आढळते. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि पुन्हा क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन तेथे केलेले आहे.

ग्रंथारंभी महावीराचार्यांनी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुती केली आहे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. हुबळी-धारवाडचा परिसरही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. हुबळीच्या आग्नेयेस असलेल्या लक्ष्मेश्वराचा, त्या काळच्या पुलिगेरेचा, उल्लेख अमोघवर्षाच्या दरबारातील ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात येतो.

ग्रंथ पद्यात असल्याने मोठी संख्या शब्दांतच सांगावी लागे. महावीराचार्यांनी एकूण चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. मात्र ही संख्या सांगताना एकाही स्थाननामाची गरज भासत नाही. अंकांचा चढउतार सांगितला की संख्या सिद्ध होते. अंकाचे मूल्य त्याच्या जागेवरून ठरते, या स्थानमूल्य पद्धतीचेच हे फळ आहे.

ही संख्या ११११११ चा वर्ग आहे. १११११११११ पर्यंत, म्हणजे नऊ एकांपर्यंत, अशा वर्गांत हाच चढउतार टिकतो. कारण गुणाकारात कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नाही आणि हातचा येत नाही. दहा एकांचा वर्ग केला की हातचा येतो आणि सममिती मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

११११११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. त्यामुळे तिच्या वर्गात प्रत्येक अवयव दोनदा येतो आणि वर्गाला एकूण २४३ विभाजक मिळतात. महावीराचार्य हीच संख्या २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून मिळवतात. या दोन्ही संख्याही पूर्ण वर्ग आहेत : पहिली ५२९१ चा, दुसरी २१ चा.

अशा गुणाकारांच्या उत्तरांना ग्रंथात कंठहाराची उपमा दिली आहे. या हाराचा व्यावहारिक उपयोगही आहे. उत्तरातला एखादा अंक चुकला की सममिती बिघडते आणि चूक लगेच दिसते. केवळ मधला ६ चुकला, तर सममिती शाबूत राहते. पण अंकांची बेरीज ३६ न राहिल्याने नवाची कसोटी ती चूक पकडते.