नदीच्या तळाखालचे दोन तास

सदरा काढून ठेवा, खाली त्याचं काम नाही. १८७२ चा मे महिना आहे आणि तुम्ही न्यूयॉर्कमध्ये ईस्ट रिव्हरच्या काठाशी आहात. ब्रुकलिन पुलाचा मनोरा उभा राहतोय. त्याच्या तळाला केसॉन आहे, म्हणजे उपडी घातलेली अवाढव्य लाकडी पेटी. पाणी आत शिरू नये म्हणून तिच्यात दाबाखालची हवा कोंडलीय. तुमच्यासारखी माणसं आतून खणतात आणि पेटी खाली सरकते. आता ती ७८ फुटांवर आहे. मजुरी दिवसाला पावणेतीन डॉलर.

लोखंडी कोठडीत शिरा, दाटीवाटीनं का होईना. झाकण बसतं. हवा किंचाळत आत घुसते, बघता बघता उकडायला लागतं, कानात सुया टोचतात. नाक चिमटीत धरा, आवंढा गिळा. पुन्हा गिळा.

खालचं दार उघडतं आणि घण, फावडी, साखळ्या, नळातून सुसाट वर जाणारी वाळू यांचा एकच कल्लोळ अंगावर येतो. गॅसच्या ज्योतींच्या उजेडात उघडी, घामेजलेली अंगं हलताना दिसतात. मुकादम ओरडतोय, पण आवाज चिरका आणि नाकातून आल्यासारखा. शीळ घालून बघा बरं. नाही ना वाजत? इथे कुणाचीच वाजत नाही.

पाळी संपली की पुन्हा कोठडी. तोटी उघडताच धुकं दाटतं, ओल्या पाठीवर काटा येतो. सगळ्यांना वर जायची घाई, काही मिनिटांत दार उघडतं. घात होतो तो इथेच. दोन तास तुमच्या रक्तामांसात मुरलेला नायट्रोजन आता बुडबुडे होऊन निघतो, सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं तसा.

बाहेर गरम कॉफी फुकट मिळते. ती पिऊन होते न होते तोच गुडघ्यात कुणी सुरी फिरवल्यासारखी कळ येते.

डॉक्टर अँड्र्यू स्मिथ धावत येतात. जवळ आहे ते सगळं देतात: मॉर्फिन, व्हिस्की, आणि राय या धान्याच्या कणसावरच्या बुरशीपासून काढलेला अर्गट. दाबामुळे रक्त शरीरात आतल्या बाजूला साठतं, असं त्यांना वाटतं. अर्गटनं रक्तवाहिन्या आवळल्या की ते हटेल, हा त्यांचा हिशेब. हिशेबात खोट नाही, पण तो ज्या समजुतीवर उभा आहे तीच चुकलीय. नायट्रोजनला बाहेर पडायचं तर रक्तातूनच फुफ्फुसांपर्यंत जावं लागतं आणि अर्गट नेमकी तीच वाट आवळतो. पुढे अशाच दुखण्यात पाणबुड्यांना सगळ्यात आधी दिला जाणारा शुद्ध ऑक्सिजन इथे कुणाच्या मनातही नाही. बुडबुड्यांचं कारण पॉल बेर फ्रान्समध्ये १८७८ साली छापतील.

दुपारी दुसऱ्या पाळीला लंगडत जा. हवा पुन्हा किंचाळते आणि खाली पोचेपर्यंत गुडघा मोकळा! वर आल्यावर डॉक्टरांना हे जरूर सांगा, ते लक्ष देऊन ऐकतात. दुखणाऱ्या माणसाला पुन्हा दाबाखाली नेणारी लोखंडी नळी ते पुढे सुचवतीलही, पण या पुलावर ती बांधली जाणार नाही.

म्हणून आज वर येताना तोटीशी तुम्हीच उभे राहा. हळू सोडा म्हणा. थकलेली माणसं शिव्या घालतील, तरी हटू नका.