बेरिया : एका बाकाचा इतिहास

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, अ‍ॅपलाचियन डोंगर जिथे सुरू होतात तिथे, बेरिया नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या खासगी कॉलेजात आज सुमारे दीड हजार विद्यार्थी कला आणि विज्ञान शिकतात. १८९२ पासून तिथे शिक्षणशुल्क नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो. कोणी मागावर बसतो, कोणी झाडू बांधतो, कोणी कॉलेजच्या हॉटेलात राबतो. एवढी ओळख पुरेशी गोड आहे. या कॉलेजचा इतिहास मात्र तितका सरळ नाही.

संस्थापक जॉन फी हे गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेले धर्मोपदेशक. गुलामगिरी पाप आहे, असे ते गुलामांच्याच राज्यात उघड सांगत. कॅशियस क्ले या जमीनदाराने त्यांना जागा दिली आणि १८५५ मध्ये एका खोलीची शाळा सुरू झाली. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. त्या भीतीच्या लाटेत, डिसेंबरात, हत्यारबंद लोकांनी बेरियाच्या मंडळींना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्धानंतर ती परतली. १८६६ मध्ये पटावर १८७ विद्यार्थी होते : ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे. कालपर्यंत माणसांचा बाजार भरत होता त्या राज्यात ही मुले एका बाकावर बसली. सर्व माणसे एकाच रक्ताची, हे बायबलचे वचन तिथे नुसते भिंतीवर नव्हते.

कॉलेजच्या पहिल्या पदव्या १८७३ च्या. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. बेरियासारख्या जागा पाहिल्या की त्या अर्पणातला विश्वास अनाठायी वाटत नाही.

पण तो विश्वास पुढे तीस वर्षेच टिकला. १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने डे कायदा केला : गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांना एका संस्थेत शिकवणे गुन्हा. वेगळी शाखा काढायची तर ती किमान २५ मैल दूर हवी. राज्यात अशी मिश्र संस्था बेरियाच होती, तेव्हा रोख कोणावर हे उघड होते. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये हरले. महामंडळाला राज्यच जन्म देते, म्हणून त्याच्या सनदेला राज्य मुरड घालू शकते, असा बहुमताचा युक्तिवाद होता. माणसाच्या शिकण्या-शिकवण्याच्या हक्काचा प्रश्न त्यात बाजूला राहिला. तो न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी भिन्नमतात उचलला, तेही केंटकीचेच.

इथे सगळा दोष कायद्यावर टाकून मोकळे होता येते. पण पट वेगळे सांगतो. १८९२ मध्ये अध्यक्ष झालेले विल्यम फ्रॉस्ट डोंगरातल्या गरीब गोऱ्यांकडे वळले. ती गरिबी खरी होती आणि तिच्या नावाने देणगीही मिळे. मात्र कायदा आला तोवर कृष्णवर्णीय विद्यार्थी निम्म्याहून कितीतरी खाली आले होते. फ्रॉस्ट न्यायालयात लढले, हेही खरे. बाक आधीच सरकू लागला होता. कायद्याने तो खोलीबाहेर काढला.

१९०३ मध्ये बेरियातून बाहेर पडलेल्या कार्टर वुडसन यांनी पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचा पाया घातला. त्यांच्यामागून येणाऱ्यांना मात्र ते दार बंद झाले. त्यांच्यासाठी १९१२ मध्ये लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट निघाली. १९५० मध्ये कायदा सैल झाला, तेव्हा बेरियाने पुन्हा प्रवेश दिला. मधली ४६ वर्षे भरून निघाली नाहीत. केंटकीच्याच लेखिका बेल हुक्स २००४ मध्ये तिथे शिकवायला आल्या आणि २०२१ मध्ये त्याच गावी वारल्या.

शुल्क माफ केल्याने गरिबाला दार उघडते. आत कोण कोणाशेजारी बसणार, हे मात्र दरवर्षी नव्याने ठरवावे लागते. त्याचा हिशेब ब्रीदवाक्यात नसतो, पटावर असतो.