घालून बघ

‘मामा, शून्य घालून बघू काय?’ कणकवलीत ताईच्या पडवीत बसून भाचा गणित सोडवत होता: −२क्ष < ६. दोन्ही बाजूंना −२ ने भागून त्याने क्ष < −३ लिहिलं होतं, पण मनाला पटत नव्हतं. शून्य घातलं, तर डावीकडे शून्य. ते सहापेक्षा लहान, म्हणजे अट पाळली गेली. पण त्याच्या उत्तरात शून्य बसतच नव्हतं! −४ घातला, तर डावीकडे ८. अट मोडली. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटतं, हा पाठ केलेला नियम त्याला तिथे दिसला. क्ष > −३.

‘पण परीक्षेत ह्या चलात?’

ताळा म्हणून तर हवंच, आणि या रीतीचं कूळ फार जुनं आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा लेखनिक आहमोस काही गणितं आधी एक आकडा धरूनच सोडवी. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, ११५० च्या सुमारास, याला नाव आहे इष्टकर्म. इष्ट म्हणजे आपल्या मनाने धरलेली संख्या. त्यातलं एक गणित असं: संख्येला पाचाने गुणा, आलेल्यातला तिसरा भाग वजा करा, दहाने भागा, मग मूळ संख्येचा तिसरा, दुसरा आणि चौथा भाग मिळवा, ६८ येतात. इष्ट ३ धरला, तर येतात सव्वाचार. ६८ ला तीनने गुणून सव्वाचाराने भागलं, की ४८. चुकीचा आकडाच बरोबर आकड्यापाशी नेतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

भाच्याच्या गणितासारख्या असमानतेत मात्र इष्टाचं काम बदलतं. उत्तर एक नसतं, अख्खा पट्टा असतो. धरलेली संख्या फक्त कौल देते, आत की बाहेर. नुसते सुटे आकडे घालत बसून भागत नाही, आधी सीमा हवी, म्हणजे जिथे दोन्ही बाजू बरोबर होतात ती संख्या. सीमा सापडली, की अशा साध्या गणितात एका बाजूचा एक आकडा तपासला तरी पुरतो, कारण सीमा ओलांडल्याशिवाय कौल फिरत नाही.

काट्याच्या तराजूवर काजूबी तोलणारा दुकानदार असेच कौल घेत सीमा शोधायचा. एक किलोचं वजन टाकलं, पिशवीचं पारडं खालीच. दोन किलोचं टाकलं, ते वर गेलं. मग मधलं दीड.

चिन्हं मात्र अलीकडची. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं. < आणि > थॉमस हॅरियटच्या पुस्तकात आली ती १६३१ मध्ये, तो वारल्यावर दहा वर्षांनी. ‘किंवा बरोबर’ सांगणाऱ्या रेघा त्यांच्याखाली पिएर बूगेने १७३४ मध्ये जोडल्या.

भाच्याच्या गणितात ती रेघ नव्हती. त्याने −३ सुद्धा घालून बघितला: ६ < ६. नाही. मग संख्यारेषेवर −३ शी पोकळ वर्तुळ काढलं आणि उजवीकडे बाण ओढला.