वेस्टली रिचर्ड्स : बर्मिंगहॅमच्या बंदूकघराची वाटचाल

जुन्या दुनळी बंदुका जमवणाऱ्यांच्या बोलण्यात पर्डी, हॉलंड अँड हॉलंड ही लंडनची नावे आधी येतात. पण शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या ज्या बारा बोअरच्या बंदुका जगभर बनल्या, त्यांतल्या बहुसंख्य बंदुकांची आतली रचना बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या घराण्यातून आली. या घराने 200 वर्षे ओलांडली ती स्वतःच्या जुन्या कामाच्या बळावर.

विल्यम वेस्टली रिचर्ड्स यांनी 1812 मध्ये बर्मिंगहॅमच्या हाय स्ट्रीटवर दुकान थाटले. पुढच्याच वर्षी, 1813 मध्ये, शहरात संसदेच्या कायद्याने नळ्यांची परीक्षा घेणारे ‘प्रूफ हाउस’ उभे राहिले. ते बंदूककारांनीच मागितले आणि त्याचा खर्चही त्यांनीच उचलला. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा, नळी तपासायची आणि टिकली तरच तिच्यावर मुकुटाचा शिक्का उमटवायचा, ही तिथली पद्धत. आजही जुनी बंदूक विकत घेणारा जाणकार आधी नळ्या उतरवून त्यांच्या बुडाशी हे शिक्के वाचतो. नक्षीकामाकडे त्याची नजर नंतर जाते.

बर्मिंगहॅमचे कारागीर तेव्हा बहुधा दुसऱ्यांच्या नावाने माल बनवत. रिचर्ड्स यांनी 1815 पासून लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर स्वतःच्या नावाने विक्री सुरू केली. तिथले त्यांचे प्रतिनिधी विल्यम बिशप इतके नावाजले, की गिऱ्हाइके त्यांना ‘बाँड स्ट्रीटचे बिशप’ म्हणू लागली. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्याकडून राजमान्यता मिळाली. रिचर्ड्स यांच्या मुलाच्या कारकिर्दीत, 1858 मध्ये, मागून भरायच्या ‘मंकी टेल’ बंदुकीचे पेटंट झाले. तिचा दांडा माकडाच्या शेपटीसारखा दिसे, म्हणून हे नाव.

खरी क्रांती 1875 ची. तोवर बहुतेक दुनळींचे घोडे बाहेर असत आणि प्रत्येक बारापूर्वी ते अंगठ्याने मागे ओढावे लागत. कारखान्यातले विल्यम अॅन्सन आणि कारभार पाहणारे जॉन डीली यांनी घोडे आत घेतले. काडतूस भरण्यासाठी बंदूक बिजागरीवर उघडली, की खाली झुकणाऱ्या नळ्यांच्या जोराने दोन्ही घोडे आपोआप चढत. सुटे भाग मोजकेच आणि तेही एका पेटीत बसवलेले, म्हणून या रचनेला ‘बॉक्सलॉक’ म्हणतात. ती बनवायला सोपी, चालवायला भरवशाची. पुढे बेल्जियम, स्पेन, जर्मनीतल्या कारखान्यांनीही हाच मार्ग धरला.

1897 मध्ये याच घराने आणखी एक पाऊल टाकले. बंदुकीच्या पोटाखालची पट्टी काढली, की दोन्ही लॉक, म्हणजे घोड्यांची यंत्रणा, हाताने बाहेर येत. पेचकसाची गरजच नाही. याला ‘ड्रॉपलॉक’ म्हणतात. पावसाळी, दमट हवेत आणि शहरापासून दूर असलेल्या शिकारीच्या तळावर या सोयीचे मोल फार होते. लॉक पुसून तेल देता येई आणि जोडीला घेतलेला दुसरा संच बसवून काम चालवता येई. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांनी वेस्टली रिचर्ड्सच्या बंदुका आणि रायफली आवडीने घेतल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

दोन महायुद्धे झाली, साम्राज्य आटले, संस्थाने विलीन झाली आणि हातकामाच्या महागड्या बंदुकांना गिऱ्हाईक उरले नाही. 1957 मध्ये वॉल्टर क्लोड यांनी हे खंगलेले घर विकत घेतले. 1960 च्या दशकात ते भारतात येऊ लागले. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत उत्तमोत्तम ब्रिटिश बंदुका मूळ पेट्यांसह पडून होत्या. शिकारीचे दिवस सरत होते. पुढे 1971 मध्ये तनखे बंद झाले आणि 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. क्लोड यांनी या बंदुका विकत घेऊन बर्मिंगहॅमला नेल्या, दुरुस्त केल्या आणि संग्राहकांना विकल्या. नवे काम थोडे असताना आजोबा-पणजोबांच्या हातच्या या बंदुकांनी कारखान्याला आधार दिला. कारागीर टिकले, म्हणून नव्या बंदुका पुन्हा बनू शकल्या. वॉल्टर यांचे चिरंजीव सायमन क्लोड यांनी ड्रॉपलॉकला पुन्हा वैभव मिळवून दिले. 2008 मध्ये कारखाना शहरातच प्रिचेट स्ट्रीटवर गेला, 2012 मध्ये दोनशे वर्षे झाली आणि 2016 मध्ये सायमन यांचे निधन झाले. आजही हे घर नव्या बंदुका बनवते आणि जुन्याही विकते.

जुन्या दुनळीची पारख करणाऱ्याने या वाटचालीतून घ्यावे ते असे. नळ्यांवरचे शिक्के आणि आजची स्थिती जुळते का, हे बंदूककाराकडून मोजून घ्यावे. आतून घासून पातळ झालेली नळी वरून कितीही देखणी असली तरी धोक्याची. अनेक जुन्या ब्रिटिश बारा बोअरच्या बंदुकांचे काडतुसाचे घर अडीच इंची म्हणजे सुमारे 65 मिलिमीटरचे असते. त्यात आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस घालू नये. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांत आजचे जोरदार काडतूस तपासणीशिवाय कधीही उडवू नये. दस्त्याचे अक्रोडी लाकूड, नळ्यांचा क्रमांक आणि मूळ पेटी एकमेकांशी जुळत असतील, तर त्या बंदुकीचे मोल निराळेच.

आपल्याकडेही कित्येक घरांत वडिलोपार्जित दुनळी असते. परवानाधारक गेल्यावर ती तशीच कपाटात ठेवणे 1959 च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा. तेवढ्या काळात तिचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि शिक्के वहीत उतरवून ठेवावेत, छायाचित्रे काढावीत. त्या नोंदी हाती असल्या, तर पुढच्या पिढीला तिचा इतिहास शोधता येईल. कटकट नको म्हणून अशी बंदूक घाईने मोडीत काढू नका; आधी ती कुणी आणि कशी घडवली, हे जाणून घ्या.